घरी दोन स्क्रीन, ऑफिसात एक कॉम्प्युटर: रिमोट डेस्कटॉपवर एकापेक्षा जास्त मॉनिटर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या पेठांमधल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर मी बघतो. सीए, आर्किटेक्ट, एखादं ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस, असे माझे लोक. जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची वीस तारीख जवळ आली की फोन वाढतात, कारण रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना घरून टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, उघडायचं असतं आणि शेजारच्या स्क्रीनवर जीएसटीचं पोर्टल हवं असतं. प्रश्न तेच, फक्त माणसं वेगळी. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

इथलं बहुतेक सगळं विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’बद्दल, म्हणजे घरी बसून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायच्या सोयीबद्दल आहे. बटणांची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

ऑफिसात एकच मॉनिटर आहे. घरी दोन लावले तर दोन्हींवर दिसेल का?

दिसेल. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेकांना वाटतं की ऑफिसच्या टेबलावरच्या मॉनिटरवर जे दिसतं त्याचा फोटो काढून घरी पाठवला जातो. मग तिथे एक मॉनिटर असताना इथे दोन कसे भरणार? पण रिमोट डेस्कटॉप तसं करत नाही. जोडणी होताना घरचा कॉम्प्युटर आपलं माप कळवतो: माझ्याकडे दोन स्क्रीन आहेत, एक आडवी, दुसरी तिच्या डावीकडे, या या आकाराच्या. ऑफिसचा कॉम्प्युटर त्या मापानं नवा डेस्कटॉप बेततो. शिंप्याला माप दिल्यासारखंच. शिंप्यानं स्वतः काय घातलंय याचा तुमच्या शर्टाशी संबंध नसतो. ऑफिसच्या मॉनिटरवर तेवढा वेळ फक्त लॉक स्क्रीन दिसते. तो मॉनिटर बंद असला, काढून ठेवलेला असला, तरी चालतं.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायची सॉफ्टवेअर्स म्हणजे तयार कपड्यांचं दुकान. तिथे समोरच्या मशीनवर जेवढे मॉनिटर जोडलेले असतील तेवढेच तुम्हाला दिसतात, आणि ऑफिसात बसलेल्या माणसालाही तुमचं काम दिसत राहतं. एखाद्याला मदत करायला ही सोय उत्तम. स्वतःचं काम दोन स्क्रीनवर पसरून करायचं असेल तर रिमोट डेस्कटॉपच बरा.

मग चालू कसं करायचं?

विंडोजची कळ आणि आर दाबा, ‘एमएसटीएससी’ टाइप करून एंटर. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात खाली ‘शो ऑप्शन्स’, मग ‘डिस्प्ले’ टॅब, आणि तिथे ‘यूज ऑल माय मॉनिटर्स फॉर द रिमोट सेशन’समोर टिक. आता लगेच कनेक्ट करू नका. आधी ‘जनरल’ टॅबवर जाऊन ‘सेव्ह ॲज’नं फाइल डेस्कटॉपवर ठेवा. उद्यापासून त्या फाइलवर डबल क्लिक केलं की झालं.

कमांडची सवय असेल तर ‘एमएसटीएससी’, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘मल्टिमॉन’. काम तेच.

टिक केली आहे, तरी एकाच मॉनिटरवर येतंय.

हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. कारणं मी या क्रमानं तपासतो.

पहिलं, विंडोज आणि पी दाबून बघा. ‘डुप्लिकेट’ निवडलेलं असेल तर तुमच्या विंडोजच्या लेखी दोन्ही मॉनिटर मिळून एकच स्क्रीन आहे, आणि ऑफिसला तेच माप जातं. ‘एक्स्टेंड’ करा. कोथरूडच्या एका बाईंबरोबर मी फोनवर चाळीस मिनिटं सगळी सेटिंग्ज उलटीपालटी केली होती. शेवटी त्या म्हणाल्या, “अहो, पण दोन्हीकडे माझ्या मुलाचाच फोटो दिसतोय.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो.

दुसरं, टिक एका ठिकाणी आणि क्लिक दुसऱ्या ठिकाणी. डेस्कटॉपवर जुनी सेव्ह केलेली फाइल असते, तिच्यात जुनंच सेटिंग असतं. फाइलवर राइट क्लिक, ‘एडिट’, तिथे टिक, पुन्हा सेव्ह.

तिसरं, तुम्ही मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेलं रिमोट डेस्कटॉप ॲप वापरताय का? दिसायला ते छान होतं, पण त्यात एकापेक्षा जास्त मॉनिटरची सोय नव्हती. शिवाय २७ मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्टच थांबवला आहे. ते काढून टाका, वर सांगितलेलं वापरा.

चौथं, ऑफिसातला कॉम्प्युटर. तिथे अजून विंडोज ७ प्रोफेशनल असेल तर गाडी इथेच अडते. विंडोज ७ मध्ये जोडून घेणाऱ्या मशीनला ही सोय फक्त एंटरप्राइज आणि अल्टिमेट या आवृत्त्यांतच दिली होती. हसू नका, पुण्यात अशी मशीनं अजून आहेत, आणि त्यांच्यावर बारा वर्षांचा हिशोबही आहे.

पाचवं, मोठ्या कंपनीचा सर्व्हर असेल तर तिथल्या आयटीवाल्यांनी ‘लिमिट नंबर ऑफ मॉनिटर्स’ नावाची पॉलिसी लावलेली असू शकते. ती तुमच्या हातात नाही. त्यांना हेच नाव सांगा, म्हणजे ते शोधत बसणार नाहीत.

घरी तीन स्क्रीन आहेत. ऑफिस दोनवर हवं, तिसरी घरच्या कॉम्प्युटरला राहू दे.

माझ्या मते खरी मजा याच मांडणीत आहे. पण विंडोजनं यासाठी बटण दिलेलं नाही, फाइल हातानं बदलावी लागते.

आधी ‘एमएसटीएससी’, जागा, तिरकी रेघ आणि ‘एल’ चालवा. एक छोटी यादी येईल: ०, १, २ आणि प्रत्येकापुढे आकारमान. हे आकडे डिस्प्ले सेटिंग्जमधल्या आकड्यांशी जुळतीलच असं नाही, म्हणून यादीतलेच घ्या. मग सेव्ह केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ‘यूज मल्टिमॉन:आय:१’ अशी ओळ असेल, नसेल तर लिहा. तिच्याखाली नवी ओळ: ‘सिलेक्टेडमॉनिटर्स:एस:०,२’. सिलेक्टेड आणि मॉनिटर्स हे शब्द जोडून, मध्ये जागा नाही. पहिला आकडा ज्या मॉनिटरचा, तो सेशनमध्ये, म्हणजे त्या जोडणीत उघडलेल्या डेस्कटॉपमध्ये, मुख्य होतो, म्हणजे टास्कबारवरचं घड्याळ वगैरे तिथे दिसतं.

यात दोन खाचखळगे आहेत. निवडलेले मॉनिटर एकमेकांना लागून असले पाहिजेत. मधला घरासाठी आणि दोन्ही कडेचे ऑफिससाठी असं जमत नाही. आणि लॅपटॉप डॉकमधून (मॉनिटर, केबल जोडायच्या डब्यातून) काढून परत लावला की आकडे बदलू शकतात. काल नीट चाललेलं आज भलत्याच स्क्रीनवर उघडलं, तर घाबरू नका, यादी पुन्हा बघा.

‘स्पॅन’ म्हणून एक असतं, ते वेगळं का?

वेगळं आणि जुनं. विंडोज व्हिस्टाच्या काळात दोन मॉनिटर मिळून एकच लांबलचक स्क्रीन मानली जायची. दोन्ही सारख्या आकाराचे आणि एका रांगेत लागायचे, आणि एकूण मर्यादा ४०९६ गुणिले २०४८ पिक्सेल. खिडकी मॅक्सिमाइझ केली की ती दोन्ही मॉनिटरवर ताणली जायची, आणि एरर मेसेज बरोबर मधल्या फटीवर यायचा. विंडोज ७ पासून खरा मल्टिमॉनिटर आला. स्पॅन विसरून जा.

जास्तीत जास्त किती मॉनिटर?

सोळा. तुमच्या टेबलावर चहाच्या कपालाही जागा लागते, तेव्हा पुढे.

लॅपटॉपला एचडीएमआयचं एकच भोक आहे. दुसरा मॉनिटर कुठे लावू?

तपकीर गल्लीत जाऊन “एचडीएमआयचे दोन करायचे आहेत” असं म्हणालात तर दुकानदार तुम्हाला स्प्लिटर देईल. त्याची चूक नाही, तुम्ही मागितलंत तेच त्यानं दिलं. पण स्प्लिटर एकच चित्र दोन्हीकडे पाठवतो, आणि तुम्ही पुन्हा डुप्लिकेटवर येता. हा खर्च माझ्या ओळखीच्या निदान चार जणांनी केला आहे.

आधी लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्ट बघा. त्यातून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल निघत असेल तर साधं यूएसबी-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर पुरतं. तो सगळ्याच यूएसबी-सीमधून निघत नाही, काही पोर्टं नुसती चार्जिंगची आणि डेटाची असतात. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर खात्री करा. तो निघत नसेल तर डिस्प्लेलिंकचं डॉक घ्या. ते साध्या यूएसबीवरूनही मॉनिटर चालवतं, ड्रायव्हर मात्र टाकावा लागतो. महाग आहे, पण ऑफिसकामाला चोख.

मॅकबुक एअर एम१ किंवा एम२ असेल तर ॲपलनंच बाहेरच्या मॉनिटरची मर्यादा एक ठेवली आहे. तिथेही वाट डिस्प्लेलिंकचीच.

दोन मॉनिटरला इंटरनेट किती लागतं?

एका फुल एचडी स्क्रीनवर २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. दोनवर त्याच्या दुप्पट. एका फोर-के मॉनिटरवर ८२ लाख ९४ हजार, म्हणजे तो एकटाच चार फुल एचडींच्या बरोबरीचा. हे आकडे ऐकून लोक मोठा प्लॅन घ्यायला निघतात. तसं करू नका. रिमोट डेस्कटॉप सगळी स्क्रीन पुन्हा पुन्हा पाठवत नाही, बदललेला भागच पाठवतो. टॅलीत व्हाउचर भरताना बदलतो तो एवढासा चौकोन. दुसऱ्या मॉनिटरवर पीडीएफ नुसती उघडी असेल तर ती जवळपास काहीच खात नाही. भार पडतो तो हलत्या गोष्टींचा: व्हिडिओ, जोरात स्क्रोल केलेली एक्सेल, ऑटोकॅडमधला फिरणारा नकाशा.

महत्त्वाचं म्हणजे चित्र ऑफिसातून तुमच्याकडे येतं. म्हणजे तुमचा डाउनलोड आणि ऑफिसचा अपलोड. घरी तीनशे एमबीपीएस आणि ऑफिसात जुनी लाइन, जिचा अपलोड दोन-तीन एमबीपीएसवर रखडतो, अशी जोडी असेल तर खर्च ऑफिसच्या लाइनवर करायचा. फायबर घ्या, आणि घेताना अपलोड किती ते विचारून घ्या. जाहिरातीत बहुधा डाउनलोडच असतो.

माउस हलवल्यावर बाण मागून रेंगाळत येत असेल तर तो वेगाचा नव्हे, उशिराचा प्रश्न आहे, आणि घरी त्याचं मूळ बहुतेक वेळा वायफायमध्ये असतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यांच्या हातभर जाड भिंतींतून वायफाय पलीकडच्या खोलीत पोचेपर्यंत दमतं. राउटरपासून केबल ओढा. एवढं करूनही अडखळलं तर ‘डिस्प्ले’ टॅबवर रंग सोळा बिटवर आणा आणि ‘एक्सपीरियन्स’ टॅबवर वॉलपेपरची टिक काढा.

एका मॉनिटरवर अक्षरं मुंगीएवढी, दुसऱ्यावर धूसर.

दोन मॉनिटरचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं किती मोठी दाखवायची ते प्रमाण, वेगळं आहे. लॅपटॉपची स्क्रीन १५० टक्क्यांवर, बाहेरची १०० वर, असं. दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर सेशन प्रत्येक स्क्रीनचं स्केलिंग वेगळं सांभाळतं, पण जुनी सॉफ्टवेअर्स ते मानत नाहीत. ती सुरू होताना मुख्य स्क्रीनचं जे माप दिसलं तेच धरून बसतात. उपाय: ऑफिसच्या सेशनमधून डिस्कनेक्ट नव्हे, पूर्ण साइन आउट करा, आणि पुन्हा जोडा. तरी धूसर राहिलं तर घरी दोन्ही मॉनिटरचं स्केलिंग सारखं करून जोडा. नवीन घेणारच असाल तर एकाच मॉडेलचे दोन घ्या. या एका गोष्टीनं निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत.

दुपारी लॅपटॉपवरून जोडलं आणि सगळ्या खिडक्या एकावर एक गोळा झाल्या. एक तर दिसतच नाही.

माप बदललं, डेस्कटॉप पुन्हा बेतला गेला. रात्री दोन मॉनिटरवर परतलात तरी खिडक्या आपापल्या जागी जातीलच याची हमी नाही. विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबला की खिडकी शेजारच्या मॉनिटरवर उडी मारते. हे एक पाठ करा. जी खिडकी टास्कबारवर आहे पण दिसत नाही, ती निवडून ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि माउस हलवा. ती पकडल्यासारखी हातात येते.

सेशननं सगळे मॉनिटर व्यापले. घरच्या कॉम्प्युटरवर कसं यायचं?

वरच्या काठावर निळी पट्टी असते, तिच्यावर मिनिमाइझ. पट्टी लपली असेल तर कंट्रोल, ऑल्ट, होम. फुल स्क्रीनमधून आत-बाहेर करायला कंट्रोल, ऑल्ट, ब्रेक. हल्लीच्या अनेक लॅपटॉपांवर ब्रेकची कळच नसते, म्हणून पट्टीवरच भिस्त ठेवा.

एक मॉनिटर काळाच राहतो.

आधी डिस्कनेक्ट करून पुन्हा जोडा. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं. वारंवार होत असेल तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ग्रुप पॉलिसीत ‘यूज डब्ल्यूडीडीएम ग्राफिक्स डिस्प्ले ड्रायव्हर फॉर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन्स’ ही नोंद ‘डिसेबल्ड’ करून मशीन रीस्टार्ट करा. आपल्याला सवय नसेल तर हे जाणत्याकडून करून घ्या.

झूम किंवा टीम्सची मीटिंग कुठे घेऊ, घरच्या कॉम्प्युटरवर की ऑफिसच्या?

घरच्या. ऑफिसच्या सेशनमध्ये घेतलीत तर तुमचा चेहरा घरून ऑफिसला जातो, तिथून मीटिंगला, आणि समोरच्याचा चेहरा उलट्या वाटेनं येतो. आवाज हमखास मागे पडतो. म्हणूनच वर म्हटलं, एक मॉनिटर घरच्या कॉम्प्युटरला मोकळा ठेवा.

मॅक किंवा लिनक्सवरून होईल?

होईल. मॅकवरच्या ॲपचं नाव सप्टेंबर २०२४ पासून ‘विंडोज ॲप’ आहे. आधीचं ‘मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप’ ते हेच. त्यात कॉम्प्युटरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘यूज ऑल मॉनिटर्स’ आहे. ते करूनही एकच स्क्रीन आली तर मॅकच्या ‘डेस्कटॉप अँड डॉक’ सेटिंगमध्ये ‘डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस’ चालू करा, आणि लॉगआउट करून परत या. लिनक्सवर फ्रीआरडीपी घ्या. त्यालाही तिरकी रेघ ‘मल्टिमॉन’ समजतं.

गुरुवारी लाइट गेली तर काम जातं का?

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुतेक गुरुवारी, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. घरची लाइट गेली तर काम जात नाही. सेशन ऑफिसात जिथल्या तिथे उघडं राहतं, परत जोडलं की अर्धवट व्हाउचरसुद्धा तसंच सापडतं. राउटरला एक छोटा यूपीएस लावा. मॉनिटर बंद पडले तरी लॅपटॉपवरून काम पुढे चालतं, फक्त एका स्क्रीनवर.

ऑफिसची लाइट गेली तर मात्र सगळं संपलं. तिथे यूपीएस हवाच, आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘वीज आल्यावर आपोआप चालू हो’ हे सेटिंगही. नाहीतर कुणाला तरी लक्ष्मी रोडच्या गर्दीतून फक्त एक बटण दाबायला पाठवावं लागतं. हे मी केलेलं आहे, गणपतीत.

मी घरून जोडलं तर ऑफिसात त्याच कॉम्प्युटरवर बसलेल्याचं काय?

तो बाहेर फेकला जातो. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस. त्याचं काम पुसलं जात नाही, पण स्क्रीन लॉक होते आणि तुम्हाला शिव्या मिळतात. दोघांना एकाच वेळी हवं असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्याची रिमोट डेस्कटॉपची लायसन्सं घ्यावी लागतात.

विंडोज होम चालेल?

घरी चालेल, ऑफिसात नाही. होमवरून दुसऱ्याला जोडता येतं, त्यावर दुसऱ्याला जोडून घेता येत नाही. तिथे प्रो लागतं.

राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून दिला की थेट जोडता येतं, असं एकानं सांगितलं.

त्या एकाला पुन्हा ऑफिसात घेऊ नका. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचा दरवाजा आहे, आणि जगभरातून कुणी ना कुणी तो दिवसरात्र ठोठावत असतं. २०१९ साली ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी सापडली. ती इतकी वाईट होती की मायक्रोसॉफ्टनं सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसचा सगळा डेटा अशाच उघड्या पोर्टातून कुलूपबंद झाला आणि खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर आली. बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला जोडलेली होती, तीही गेली. आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा खासगी, सुरक्षित बोगदा, मग त्यातून रिमोट डेस्कटॉप. मॉनिटर दोन असोत की तीन, जोडणीत याचा काही फरक पडत नाही.

दोन बरे की एकच मोठा, रुंद मॉनिटर?

आर्किटेक्टला रुंद आवडतो, नकाशा सलग दिसतो. हिशोबाच्या कामाला दोन बरे: एका स्क्रीनवर टॅली मॅक्सिमाइझ, दुसरीवर बँकेचं स्टेटमेंट. रुंद मॉनिटर घेतलात तर रिमोट डेस्कटॉपच्या लेखी तो एकच, त्यामुळे वरचं निम्मं पान तुमच्या कामाचं नाही. एकाच रुंद स्क्रीनचा अर्धा भाग ऑफिसला आणि अर्धा घराला द्यायचा असेल तर फुल स्क्रीन सोडून सेशन साध्या खिडकीत चालवा आणि खिडकी हव्या त्या मापाला ओढा. नव्या विंडोजमध्ये ऑफिसचा डेस्कटॉप त्या मापाला आपोआप बसतो.